पाटी पणजीत, पावती पाळीत

पणजी बघायला अर्धा दिवस पुरतो, असे पर्यटकांना फिरवणारे सांगतात. खोटे नाही ते. इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या पायऱ्यांसमोर एक फोटो, फोंतेन्यात पिवळ्या भिंतीला टेकून दुसरा, जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाच्या पुतळ्यापाशी ‘हा माणूस त्या बाईचा गळा का धरतोय?’ हा ठरलेला प्रश्न, आणि दिवेलागणीला मांडवीत तासाभराची बोट. बोटीवर एक फुगडी, एक कोर्रिदिन्यो, आणि मग ‘नवीन लग्न झालेल्यांनी पुढे या’ म्हणून हिंदी गाण्यावर नाच. धक्क्याला उतरेपर्यंत गोव्याचा इतिहास आणि संस्कृती दोन्ही उरकलेली असते.

फारियाचे वाईट वाटते. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा पाद्री पॅरिसला जाऊन सांगत राहिला, की संमोहनात चमत्कार वगैरे काही नाही, जे घडते ते समोरच्याच्याच मनात घडते. त्याचा पुतळा पणजीत १९४५ साली उभा राहिला. जागा बरोबर निवडली. पर्यटक जे मनात घेऊन येतो तेच त्याला दाखवून परत पाठवायचे, या धंद्यात या शहराचा हात धरणारे दुसरे नाही.

आम्ही डिचोली तालुक्यातल्या पाळीची माणसे पणजीला बघायला जात नाही. आम्ही कागद घेऊन जातो आणि एक झेरॉक्स कमी पडली म्हणून परत येतो. पण रांगेत उभे राहून राहून शहराची ओळख होते. त्या ओळखीच्या जोरावर सांगतो: पणजीत जे जे ‘आकर्षण’ म्हणून दाखवतात, त्यातल्या बऱ्याच मालाची पावती डिचोली आणि पेडण्यात पडून आहे. पाटी मात्र पणजीत लागली.

०

मुळात शहरच सेकंडहँड. जुन्या गोव्यात रोगराईने माणसे मरायला लागली, तेव्हा व्हाइसरॉयने १७५९ मध्ये बिऱ्हाड हलवले आणि मांडवीकाठच्या आदिलशहाच्या राजवाड्यात येऊन राहिला. राजवाडाही दुसऱ्याचा. पुढे १८२६ ते १८३५ या काळात दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू या व्हाइसरॉयने दलदल बुजवली, रस्ते आखले, आणि १८४३ मध्ये पोर्तुगालच्या राजाज्ञेने पणजीची ‘नोव्हा गोवा’ झाली. बांधायला दगड कुठून आणला? जुन्या गोव्यातल्या पडक्या वाड्या-मठांतून. पणजीच्या चर्चच्या माथ्यावर जी मोठी घंटा दिसते, तीही जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. नव्या शहराने नवे काय आणले, तर नाव.

आता ते स्मार्ट सिटीही झाले. २०१६ मध्ये यादीत नाव आले आणि काही वर्षांनी रस्ते असे खणले, की दों मानुएलने जी दलदल बुजवली होती ती शोधून काढायचा सरकारचा इरादा असावा असे वाटले. २०२३ मध्ये त्या खड्ड्यांमधूनच जी-२० चे पाहुणे फिरले. त्यांना हा पुरातत्त्व खात्याचा उपक्रम आहे असे सांगितले असते तरी चालले असते. पावसाळ्यात पाणी तुंबते, तेव्हा तर शहर आपल्या मूळ रूपात पाहायला मिळते. वारसा जतन करायचा म्हणजे इतका!

०

पणजीच्या मध्यावर महालक्ष्मीचे देऊळ आहे. १८१८ मध्ये उभे राहिले. तिसवाडीत पोर्तुगीजांनी देवळे पाडल्यावर अडीचशे-पावणेतीनशे वर्षे नवे देऊळ बांधायची सोय नव्हती, त्यामुळे या परवानगीचे केवढे अप्रूप वाटले असेल. पण परवानगी मिळेपर्यंत देवी कुठे होती? परंपरा सांगते की मूळची ताळगावची ही देवी सोळाव्या शतकात वाचवून मयेला नेली. मये म्हणजे आमचा डिचोली तालुका. पाहुणी म्हणून आली आणि काही पिढ्या राहिली. आम्ही भाडे मागितल्याचे कोणाला आठवत नाही.

असे एकट्या महालक्ष्मीचे नाही. पोर्तुगीजांचा अंमल आधी तिसवाडी, बार्देश आणि साष्टीवर. डिचोली, सत्तरी, पेडणे त्यांच्या हाती आली ती थेट १७८१ ते १७८८ च्या दरम्यान, तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून मधली दोनशे वर्षे आमच्या बाजूला देव निर्वासितांसारखे वसाहतीला येत राहिले. नदी ओलांडली की सुटका.

राज्य संग्रहालयाच्या संग्रहात इन्क्विझिशनचे म्हणून एक मेज आहे. भलेमोठे, कोरीव पायांचे. पर्यटक त्यापुढे उभे राहतात, ‘बापरे’ म्हणतात, कोपऱ्यात हात टेकून बघतात, पुढे जातात. त्या मेजाला भिऊन जे पळाले ते कुठे गेले, हे सांगणारी पाटी तिथे असती तर तिच्यावर एकच बाण काढून ‘नार्वे, डिचोली’ लिहिले असते तरी पुरे झाले असते.

नार्व्याला सप्तकोटेश्वर आहे. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. त्यांनी आपल्या नाण्यांवर याच देवाचे नाव घातले. मूळ जागा समोरच्या दिवाडी बेटावरची. सोळाव्या शतकाच्या मध्याला पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले आणि लिंग विहिरीच्या काठाला दोर घासायला लावले. डिचोलीच्या नारायण शेणवी सूर्यराव नावाच्या देसायाने ते रातोरात नदीपार आणले, अशी हकीकत आहे. लिंग साध्या गुळगुळीत दगडाचे नाही, धारालिंग आहे, उभ्या पैलूंचे. गाभाऱ्याच्या दाराशी वाकून पाहिले की दिव्याचा उजेड एका पैलूवर पडतो आणि शेजारचा अंधारात राहतो. मागे टेकडीत खोदलेल्या गुंफा, बाहेर दीपमाळ. देवळाला उंच शिखर नाही. अष्टकोनी गळ्यावर घुमट आणि खाली कौलांचा उतार. चर्चे पाहून पाहून डोळ्यांना सवय झालेल्या पर्यटकाला हे देऊळ ओळखीचे वाटते आणि का वाटते ते कळत नाही.

जीर्णोद्धाराची आज्ञा शिवाजी महाराजांची. शके १५९०, म्हणजे १६६८ चा नोव्हेंबर. तसा शिलालेख तिथे आहे. त्याच्या महिनाभर आधीची भानगड अधिक रंजक. महाराजांची चार-पाचशे माणसे लहान लहान टोळ्यांनी, निरनिराळ्या निमित्तांनी पोर्तुगीज हद्दीत शिरून राहिली होती. पुरेशी जमली की आतून उठायचे, असा बेत. विजरईला, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयला, सुगावा लागला आणि त्याने त्यांना हुडकून हाकलून दिले. गोव्यात गटागटाने यायचे, मुक्काम ठोकायचा आणि कशासाठी आलो ते स्थानिकांना सांगायचे नाही, ही कल्पना विमान कंपन्यांच्या डोक्यातून निघालेली नाही, एवढेच यावरून सिद्ध होते. फरक इतकाच, की त्या विजरईला निदान संशय तरी आला.

देवळाचे नूतनीकरण होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. चांगले झाले. त्याआधी कित्येक वर्षे गोव्याची सारी जनता रोज सकाळी कदंबात बसत होती आणि संध्याकाळी कदंबातून उतरत होती. राजघराण्याचे नाव सरकारी बसला १९८० मध्ये मिळाले, राजघराण्याच्या देवाला मात्र दुरुस्तीसाठी चार दशके आणखी थांबावे लागले. बसचेही तसेच आहे म्हणा. दुरुस्तीसाठी थांबायची तिलाही सवय आहे.

नार्व्याहून दिवाडीला फेरीबोट जाते. पायी माणसाला तिकीट नाही. बोटीच्या लोखंडी फळीवर उभे राहिले की मागे देव जिथे आला ते गाव आणि पुढे जिथून आला ते बेट. दिवाडीवरून दुसरी फेरी धरा आणि थेट जुन्या गोव्यात उतरा. फुकटात एवढा इतिहास मांडवीतल्या एकाही क्रूझवर मिळत नाही. अडचण एवढीच, की या बोटीवर नवीन लग्न झालेल्यांना कोणी पुढे बोलावत नाही.

०

मयेचा विषय निघालाच आहे. पर्यटन खात्याच्या लेखी मये म्हणजे तळे आणि २०१९ पासून बंजी जंपिंग. पायाला दोर बांधून पंचावन्न मीटरवरून उडी मारायची. पैसे देऊन माणसे हे करतात. मयेच्या गावकऱ्याला ते बघून हसू येत असेल, कारण त्याने हा खेळ फुकटात आणि कितीतरी जास्त वेळ खेळलेला आहे. अख्खा गाव एका पोर्तुगीज सरदार घराण्याच्या नावे होता. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, सरदार गेला, आणि गावाची जमीन ‘निर्वासितांची मालमत्ता’ म्हणून सरकारी रखवालदाराच्या ताब्यात अडकली. घर आपले, जमीन कोणाची ते माहीत नाही. देश स्वतंत्र, गाव अधांतरी. मुक्तीनंतर अर्धशतक उलटून गेल्यावर, २०१४ साली, मयेसाठी म्हणून कायदा झाला आणि मग सनदा वाटायला सुरुवात. पंचावन्न मीटरच्या उडीत माणूस काही सेकंद लोंबकळतो आणि वर येऊन प्रमाणपत्र मागतो.

डिचोली शहरात नमाजगाह आहे. औरंगजेबाचा मुलगा अकबर बापावर रुसून दक्षिणेत आला, संभाजी महाराजांच्या आश्रयाने १६८० च्या दशकात काही काळ डिचोलीत राहिला, त्या वेळची ती वास्तू. म्हणजे मोगल शहजादा, मराठा छत्रपती आणि पोर्तुगीज विजरई हे तिघे एकमेकांवर डोळा ठेवून होते ते आमच्या बाजारापासून पायी अंतरावर. पणजीत असे काही घडले असते तर तिथे एव्हाना ‘लाइट अँड साउंड’ झाला असता, आणि त्यातला साउंड बंद पडला असता.

०

साउंडवरून कला अकादमी आठवणे भाग आहे.

चार्ल्स कोरियांनी बांधलेली, १९८३ मध्ये उघडलेली, मांडवीच्या काठाला पाय सोडून बसलेली देखणी वास्तू. आत गेल्यावर इमारत कुठे संपते आणि नदी कुठे सुरू होते ते कळू नये, अशी. गोव्यातला प्रत्येक हौशी नट तिच्या रंगमंचावर एकदा उभा राहायचे स्वप्न घेऊन जगतो, आणि मराठी नाट्यस्पर्धेच्या दिवसांत आमच्या बाजूच्या टेम्पोंची तिथे जत्रा भरते. तिची डागडुजी निघाली. काम निविदा न काढता दिले म्हणून विधानसभेत ओरड झाली, तेव्हा त्या वेळच्या कला व संस्कृती मंत्र्यांनी २०२२ मध्ये दाखला दिला, की ताजमहाल बांधताना शहाजहानने दरपत्रके मागवली नव्हती, म्हणून तो अजून सुंदर आहे. पुढल्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, भर पावसात अकादमीच्या खुल्या रंगमंचावरचे छप्पर कोसळले. सुदैवाने खाली कोणी नव्हते. शहाजहानच्या बाबतीत निदान कबर आत होती, नाटक नव्हते.

आमच्या जत्रेच्या नाटकाचा मांडवही निविदेशिवायच उभा राहतो. वाड्यावरचे दहा जण सकाळी बांबू, माडाची झावळे आणि कोणाच्या तरी घरची ताडपत्री घेऊन येतात, दुपारी जेवणावरून भांडतात, संध्याकाळी रंगमंच तयार. दिवसभर टिपर चालवणारा रात्री औरंगजेब होतो. दाढीचा गोंद सुटतो, तलवार म्यानातून निघत नाही, विंगेतला प्रॉम्प्टर नटापेक्षा मोठ्याने बोलतो, आणि आईच्या मांडीवर झोपलेली पोरे औरंगजेबाच्या पहिल्या डरकाळीला उठून बसतात. पहाटे कोंबडा आरवेपर्यंत ऐतिहासिक नाटक चालते. मांडवही तोपर्यंत उभा असतो. शहाजहानला जमले ते वाड्यावरच्यांनाही जमते.

०

आता नदी. पणजीचे खरे आकर्षण तीच. मांडवी तिथे पोहोचते तेव्हा रुंद होऊन, दिवे लावून, गालाला पावडर फासून येते. आमच्याकडे ती म्हादई म्हणून असते तेव्हा तिचा रंग वेगळा.

पन्नास-साठ वर्षे या नदीतून बार्ज चालले. डिचोली-सत्तरीतले खनिज आमच्या दारावरून टिपरने धक्क्याला जायचे, धक्क्यावरून बार्जमध्ये पडायचे, आणि बार्ज संथ-संथ पणजीसमोरून मुरगावला. तिथून जहाजाने जपान, पुढे चीन. संध्याकाळच्या बोटीवरचे पर्यटक त्या बार्जचे फोटो काढायचे. पाठीमागे मावळता सूर्य, पुढे काळी बोट, तिच्यावर तांबडे ढीग. छान यायचा फोटो. त्या ढिगात पाळीची टेकडी आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही. आम्ही आमचे डोंगर पणजीला नदीतून दाखवत होतो आणि पणजी त्यांना सूर्यास्त समजत होती.

मग २०१२ उजाडले. बेकायदा खाणकामावरचा न्या. शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरच्या ५ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने शिक्का मारला. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून पुन्हा परवानगी, ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीज रद्द, १५ मार्चला सगळे ठप्प. त्याच २०१२ च्या निवडणुकीत पाळी मतदारसंघही नकाशावरून पुसला गेला. पुनर्रचना म्हणतात त्याला. एका वर्षात खाण गेली आणि आमदार गेला. तेव्हापासून आम्ही स्वतःच ऐतिहासिक स्थळ आहोत, फक्त संरक्षित यादीत नाव यायचे राहिले आहे.

आणि बार्ज कमी झाले तशी नदी मोकळी राहिली का? छे. तिच्यात जुगाराची जहाजे नांगर टाकून आहेत. ही जहाजे मांडवीतून हलवणार, असे प्रत्येक सरकार म्हणते आणि प्रत्येक सरकार त्यांना मुदतवाढ देते. जी बोट जागची हलत नाही तिला जहाज का म्हणावे, हा प्रश्न बंदर कप्तानाने सोडवावा. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तिथे खेळायला बंदी आहे. आमच्या भल्यासाठीच. माणूस जुगारात बुडू नये ही सरकारची कळकळ समजण्यासारखी आहे. पण ज्यांनी २०११ मध्ये बँकेकडून कर्ज काढून टिपर घेतले, त्यांनी कोणता खेळ खेळला होता? तिथे तर पत्ते सरकारनेच वाटले होते.

खाण बंद झाली हे वाईट झाले असे मी म्हणत नाही. भातशेतात गाळ उतरलेला ज्याने पाहिला आहे, आणि रस्त्याकडेच्या घरातल्या तुळशीची पाने बारा महिने तांबडी असतात हे ज्याला ठाऊक आहे, तो असे म्हणणार नाही. चालू असताना धुळीने जीव नकोसा, बंद असताना हप्त्याने. २०२२ च्या डिसेंबरात नव्याने लिलाव झाला आणि त्यात डिचोलीचा पट्टा होता, म्हणजे ढीग पुन्हा निघणार. पणजीला सूर्यास्ताची चिंता नको.

०

पेडण्याची गोष्ट त्याहून मजेची.

आताशा अनेकदा पर्यटक विमानातून उतरतो तोच पेडणे तालुक्यात. मोपा विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झाले, ५ जानेवारीपासून विमाने सुरू. तो उतरतो, ‘गोव्यात पोहोचलो’ म्हणून घरी फोन करतो, टॅक्सीच्या भाड्यावरून वाद घालतो आणि थेट पणजी किंवा किनारा. पेडण्याला दिसते ती टॅक्सीची मागची काच. ज्यांची काजूची बागायत धावपट्टीखाली गेली त्यांना रोज डोक्यावरून विमान दिसते, हा फायदाच म्हणायचा.

वाटेत हळर्ण लागत नाही, पण लागायला हवे. शापोरा नदीच्या काठी हळर्णचा किल्ला आहे. १७४६ मध्ये पेद्रू मिगेल द आल्मेदा या विजरईने तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला. पराक्रम इतका मोठा वाटला, की पोर्तुगालच्या राजाने त्याला ‘मार्केझ द अलोर्ना’ हा किताब दिला. हळर्णचा अलोर्ना झाला. त्याची नात लिओनोर, चौथी मार्केझ द अलोर्ना, पोर्तुगीज साहित्यात नावाजलेली कवयित्री. तेजू नदीच्या खोऱ्यात आल्मेरीमजवळ या घराण्याचा एकेकाळचा मळा आहे. ‘किंता द अलोर्ना’ या नावाने तिथली द्राक्षाची दारू आजही बाटलीत भरून विकली जाते. म्हणजे हळर्णचे नाव पोर्तुगालात कवितेवर आहे, वाड्यावर आहे, बाटलीवर आहे. पणजीत एखाद्या पर्यटकाला हळर्ण विचारा, आणि नंतर पणजीतल्या एखाद्या अधिकाऱ्यालाही विचारून बघा.

१७४६ च्या त्याच मोहिमेत तेरेखोलही गेले. केरीहून फेरीने पलीकडे जायचे. समुद्राच्या तोंडाशी किल्ला, आत छोटे चर्च. १८३५ च्या बंडात तिथे रक्त सांडले. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी पोर्तुगीजांच्या नाकावर टिच्चून तिथे तिरंगा चढवला आणि तुरुंगवास पत्करला. आज किल्ल्याचे हॉटेल झाले आहे. सत्याग्रहींना तिथून तुरुंगात नेले. आता रात्र काढायला काउंटरवर चौकशी करावी. वारसा टिकवायचा हा मार्ग वाईट आहे असेही नाही. गादी घातली की निदान छत गळत नाही. जे किल्ले हॉटेलच्या कामाचे नाहीत त्यांची छते बघा म्हणजे कळेल.

०

पर्यटन खात्याला अलीकडे आमची आठवण यायला लागली आहे. ‘बियाँड बीचेस’ अशी घोषणा आहे. समुद्रकिनाऱ्यांपलीकडे बघा म्हणतात. ‘एकादश तीर्थ’ म्हणून अकरा देवस्थानांची यात्राही आखली. पाच-पंचवीस वर्षांपूर्वी ज्याला पणजीतले लोक ‘आतले गाव’ म्हणून नाक मुरडायचे, ते आता ‘हिंटरलँड’ झाले. त्यात जेवण घालणारे घर ‘होमस्टे’ आणि पेज ‘हेरिटेज फूड’. पणजीच्या माटोळी बाजारात चवथीच्या आदल्या दिवशी डिचोली-सत्तरीच्या बाया गणपतीवर बांधायच्या माटोळीचे रानातले सामान घेऊन बसतात, तेव्हा मात्र त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस होते. तिथे हेरिटेज कोणाला आठवत नाही. पहाटे पहिल्या बसने आलेली बाई घोटिंगाचा घड तीनदा उलटसुलट करून दाखवते, गिऱ्हाईक पुढच्या बाईकडे जाते, आणि फिरून पहिलीकडेच येते.

मला भीती पाटीची वाटते. पाटी लागली की पार्किंग येते, पार्किंगमागून शहाळेवाला, शहाळेवाल्यामागून ‘आय लव्ह’ लिहिलेली मोठी लाल अक्षरे. फोंतेन्यातल्या लोकांनी घरांच्या दारावर ‘फोटो काढू नका’ असे लिहायची वेळ आली ती याच वाटेने. आपल्याच खिडकीत दुपारचे कपडे वाळत घालावेत तर खाली कोणीतरी ‘काकी, जरा बाजूला’ म्हणते. पण पाटी न लागण्याचीही भीती आहे. पाटी नसली की एखाद्या दिवशी तिथे खनिजाचा ढीग येतो. या दोन भीतींच्या मध्ये जे काही असेल ते करायचे डोके खात्याकडे असेल तर त्यांनी जरूर यावे. चहा आमच्याकडून.

परवा तिठ्यावर दोन तरुण आले. पुण्याचे असावेत. भाड्याची स्कूटर, मोबाइल हँडलला बांधलेला, हरवळ्याच्या धबधब्याला निघालेले आणि नकाशाने पाळीला आणून सोडलेले. तिठ्यावरच्या दुकानात थंड घेतले.

“मावशी, इथे जवळपास बघण्यासारखं काही आहे?”

दुकानवालीने भजी परतता परतता सांगितले, “कुडण्याला गुजीर आहे. जैनांचे जुने देऊळ.”

“काय आहे तिथे?”

“भिंती.”

“आणि?”

“भिंतीच. जुन्या आहेत. सरकारने राखल्यात.”

“तिकीट किती?”

“तिकीट कसले? गेट लोटायचे नि जायचे.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. फुकट म्हटल्यावर त्यांचा विश्वास उडालेला स्पष्ट दिसला. एकाने मोबाइलवर नाव घालून पाहिले. “रिव्ह्यूच नाहीत रे फारसे.”

“मंदिरात नाटक असते का हो इथे? म्हणजे ते, पारंपरिक?” दुसऱ्याने विचारले.

“जत्रेला असते. यंदा संभाजी आहे. तिकीट त्यालाही नाही, पण रात्रभर बसायला हवे.”

“रात्रभर!”

“मग? तुम्ही पणजीला रात्रभर बसता ते?”

पोरगा हसला, पैसे दिले, हेल्मेट चढवले. दुकानवालीने कढईवरून मान वर करून विचारले, “मग कुडण्याला जाता की हरवळ्याला?”

“आधी हरवळे, मग वेळ मिळाला तर तुमच्या भिंती,” म्हणत त्याने स्कूटर सुरू केली आणि बघता न बघता रस्त्यावर घातली.

“अरे थांब!” ती ओरडली. “आधी टिपर जाऊ दे.”